गवत कापायचे कशाने?

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांनाही नव्या वसाहतींची कड आली आहे. निवृत्तीनंतर पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा घ्यावा, त्यावर घर बांधावे आणि भोवती थोडी हिरवळ ठेवावी, अशी हौस अनेकांना असते. अहिल्यानगर जिल्ह्यातही (२०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा) हे चित्र दिसते. भाद्रपद उजाडतो, अंगणात गुडघाभर गवत माजते आणि ते कापायला माणूस मिळत नाही. मग यंत्र घ्यायचे ठरते. दुकानात गेल्यावर मात्र माणूस गोंधळतो. एक यंत्र ढकलत न्यायचे, दुसरे खांद्याला अडकवून फिरवायचे, तिसरे शेतातल्या कापणी यंत्रासारखे, आणि चौथे तर लहानशा ट्रॅक्टरसारखे, आसनावर बसून चालवायचे! शाळेच्या मैदानासाठी यंत्र घेऊ पाहणाऱ्या मुख्याध्यापकांपुढेही हाच पेच असतो.

गवत कापणे हे काम तसे एकच. मग त्यासाठी इतक्या तऱ्हेची यंत्रे का निर्माण झाली? ताकद आणि किंमत यांतला फरक एवढेच याचे उत्तर नाही. ही यंत्रे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या गरजांतून जन्मली. त्यांचा इतिहास पाहिला की निवडीचा खरा प्रश्न हाती लागतो. तो प्रश्न असा : कापलेल्या गवताचे पुढे काय करायचे आहे?

गवत कापले तरी का वाढते?

आधी गवताकडे पाहू. बहुतेक झाडांची वाढ शेंड्याकडून होते. शेंडा खुडला की ती तेवढ्यापुरती थांबते. गवताचे तसे नाही. त्याच्या पानाची वाढ पानाच्या तळाशी, खोडाच्या पेऱ्याजवळ होते आणि वाढीचा मुख्य कोंब जमिनीलगत असतो. त्यामुळे वरचा भाग जनावराने खाल्ला किंवा विळ्याने कापला तरी खालून पान पुन्हा वर येते. गवत आणि चरणारे प्राणी लाखो वर्षे एकमेकांच्या संगतीने बदलत आले, त्याचा हा परिणाम. कापण्याची सारी साधने गवताच्या या गुणावरच उभी आहेत.

पण कापणे म्हणजे काय? शाळेतून घरी जाणारी मुले छडीने रस्त्याकडेच्या गवताचे तुरे उडवतात, ते आठवून पाहा. छडी हळू फिरवली तर गवत नुसते वाकते. जोरात फिरवली तर तुरा उडतो. गवताची काडी अधांतरी उभी असते. तिला मागून आधार दिला तर कमी वेगातही ती कापता येते. आधार नसेल तर इतका वेग हवा, की काडीला वाकायला सवडच मिळू नये. म्हणजे गवत कापण्याचे दोन मार्ग झाले : आधार देऊन कापणे आणि फटक्याने तोडणे. पुढची सारी यंत्रे या दोहोंपैकी एका मार्गाने जातात.

आपला विळा पहिल्या मार्गाचा. डाव्या हाताची मूठ गवताला आधार देते आणि उजव्या हातातला विळा ओढून कापतो. दातेरी विळ्याचे दात काडी घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे ओढायला जोर कमी लागतो. युरोपात गवतासाठी दोन्ही हातांनी फिरवायचा, लांब दांड्याचा मोठा विळा रूढ झाला. त्यात गवत मुठीत धरत नाहीत. उभ्यानेच पाते जमिनीलगत अर्धवर्तुळात फिरवतात. तयार माणूस दिवसाला एकरभर गवत या साधनाने कापतो. आपल्या विळ्याने गव्हासारखे पीक कापायला हेक्टरी साधारण पंधरा-वीस माणूस-दिवस लागतात, म्हणजे एका माणसाचे दिवसाचे काम पाच-सहा गुंठे. मग लांब दांड्याचा विळा आपल्याकडे का रुजला नाही? आपली माळराने पाहिली की कारण लक्षात येते. दगडगोटे, उंचसखल जमीन आणि ठोंबाठोंबाने वाढलेले गवत यांत ते लांब पाते सलग फिरत नाही. शिवाय मुठीत धरून कापलेल्या गवताची बुडखे एका बाजूला ठेवून पेंढी बांधता येते. पेंढ्यांचा भारा, भाऱ्यांची गंजी, आणि ती उन्हाळ्यापर्यंत पुरवायची हे सगळे गणित त्या मुठीपासून सुरू होते.

कापडाच्या कारखान्यातून बागेत

हिरवळ कापण्याचे यंत्र शेतकऱ्याने शोधले नाही. ते कापडाच्या धंद्यातून आले. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड गावाच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या लोकरी कापडावर उभे राहिलेले तंतू एकसारखे छाटण्यासाठी तिथे एक यंत्र वापरात होते : एका लाटेवर पीळदार पाती बसवलेली आणि तिच्याखाली एक स्थिर पाते. लाट फिरली की तंतू दोन पात्यांमध्ये सापडून कातरले जात. एडविन बडिंग या यंत्रकाराने विचार केला, की कापडावरचे तंतू कातरता येतात तर जमिनीवरचे गवत का नाही? १८३० मध्ये त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. मागे लाट आणि पुढे कातरीसारखी पाती असे ते लोखंडाचे जड यंत्र होते. १८३२ पासून इप्सविच येथील रॅन्सम्स कंपनी परवाना घेऊन अशी यंत्रे बनवू लागली.

तोपर्यंत इंग्लंडमध्ये तुळतुळीत हिरवळ हे फक्त जमीनदाराचे वैभव होते. ती राखायला लांब दांड्याचे विळे चालवणारे तरबेज मजूर किंवा मेंढ्यांचे कळप लागत. बडिंगच्या यंत्राने ती मध्यमवर्गीयाच्या परसात आणली. क्रिकेट, टेनिस, गोल्फ या खेळांची सपाट मैदानेही या यंत्राने सोपी केली. मोठ्या मैदानांसाठी यंत्राला घोडा जुंपत आणि हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्याच्या पायांत चामड्याचे बूट घालत! भारतात हेच काम बैलांनी केले. आग्र्याला ताजमहालाच्या हिरवळीवर बैलजोडीने ओढायचे कापणी यंत्र कित्येक वर्षे पाहायला मिळत असे.

१८९३ मध्ये लँकेशायरमधील लेलँड गावच्या जेम्स सम्नरने वाफेवर चालणारे हिरवळ-यंत्र काढले. ते फार जड होते आणि वाफ धरायलाच वेळ लागे, त्यामुळे त्याचे आयुष्य थोडके ठरले. पण सम्नर ज्या कारखान्यात भागीदार होता, तो पुढे मालमोटारी बनवू लागला आणि लेलँड मोटर्स या नावाने प्रसिद्ध झाला. आपल्या एसटीच्या अनेक गाड्यांवर दिसणाऱ्या ‘अशोक लेलँड’ या नावातला लेलँड तोच. १९०२ मध्ये रॅन्सम्सने पेट्रोल इंजिनावरचे यंत्र बाजारात आणले.

या साऱ्या यंत्रांत एक गोष्ट समान आहे. ती गवत दोन-तीन सेंटिमीटर उंचीवर बारीक कातरतात. मुळात ते गवत कोणाला खायला घालायचे नव्हतेच.

शेताकडे वळलेली शाखा

त्याच सुमारास अमेरिकेत दुसरी शाखा फुटली. तिथे जमीन अफाट, माणसे थोडी आणि पीक उभे राहिले तर नासणार. ओबेड हसीने १८३३ मध्ये आणि सायरस मॅकॉर्मिकने १८३४ मध्ये पीक कापणाऱ्या यंत्रांची पेटंटे घेतली. या यंत्रांत एक लांब पट्टी असते. तिच्यावर त्रिकोणी पाती बसवलेली असतात आणि पट्टी बोटांसारख्या दांड्यांमधून डावी-उजवीकडे झपाझप सरकते. स्थिर बोट काडीला आधार देते, सरकते पाते ती कापते. म्हणजे मूठ आणि विळा यांचीच ही यांत्रिक आवृत्ती! पुढे गवतासाठीही अशी यंत्रे झाली. पात्यांचा वेग सेकंदाला दोन-अडीच मीटरच्या आसपास असतो. काडी बुडाजवळ एकदाच कापली जाते आणि अखंड आडवी पडते. ती वाळवता येते, बांधता येते, साठवता येते. आज आपल्याकडे पॉवर टिलरला किंवा लहान इंजिनाला जोडलेली जी कापणी यंत्रे गहू, सोयाबीन व चाऱ्याच्या कापणीला वापरतात, त्यांतली बरीचशी याच घराण्यातली आहेत.

पात्याचा फटका

दुसरा मार्ग, म्हणजे फटक्याने तोडण्याचा, यंत्रांत यायला शंभर वर्षे जावी लागली. कारण त्याला प्रचंड वेग लागतो आणि तो देणारी हलकी इंजिने विसाव्या शतकातच आली. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये आडवे गरगरणारे पाते असलेले यंत्र निघाले. १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसनने आपल्या घरच्या गॅरेजमध्ये असेच एक यंत्र जुळवले. त्याच्या पहिल्या नमुन्याला इंधनाची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा लावला होता. ‘व्हिक्टा’ नावाने ही यंत्रे लाखोंनी खपली. १९७१ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलसला मोटार धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून पात्याऐवजी नायलॉनची दोरी फिरवण्याची कल्पना सुचली. खांद्याला अडकवायच्या आजच्या यंत्रांत ही दोरी किंवा धातूचे पाते असते.

या पात्याचा वेग किती असतो, ते मुलांकडून काढून घ्यावे. पात्याची लांबी ५० सेंटिमीटर आणि फेरे मिनिटाला ३०००, म्हणजे सेकंदाला ५० धरू. एका फेऱ्यात पात्याचे टोक सुमारे १.५७ मीटर अंतर तोडते. म्हणजे सेकंदाला ७८ मीटर, ताशी सुमारे २८० किलोमीटर! या वेगाने २० ग्रॅमचा खडा उडाला, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ६१ ज्यूल भरते. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने टाकला, तर त्याची ऊर्जाही जवळजवळ तेवढीच असते. नगरसारख्या मुरमाड, खडकाळ जमिनीत हे गणित केवळ पाठ्यपुस्तकापुरते राहत नाही. मैदानात मुले असताना असे यंत्र चालवू नये, चालवणाऱ्याने चष्मा आणि बूट घालावेत, आधी खडे वेचून घ्यावेत, या सूचनांच्या मागे हीच ६१ ज्यूल ऊर्जा आहे.

फटक्याच्या यंत्राचा एक मोठा गुण आहे : गवत उंच असो, ओबडधोबड असो, ते अडत नाही. पण ते गवताचे तुकडे करून इतस्ततः उडवते. मातीत मिसळलेला तो चुरा गोळा करून जनावरापुढे टाकणे अवघड असते.

यंत्रावर माणूस बसतो

बसून चालवायच्या यंत्राचा सुकाळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत झाला. शहरांबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या, प्रत्येक घराभोवती हिरवळ आली आणि ती राखणे शेजारधर्म ठरले. शेतीचे ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्या बागेसाठी लहान ट्रॅक्टर बनवू लागल्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६० च्या सुमारास आणि जॉन डिअरने १९६३ मध्ये अशी यंत्रे आणली. इंजिन दहा-वीस अश्वशक्तीचे, पोटाखाली मीटरभर रुंदीचे आवरण, त्यात दोन-तीन गरगरणारी पाती. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील हिरवळींचे क्षेत्र सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर काढले होते. आपला जिल्हा महाराष्ट्रात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. म्हणजे असे नऊ जिल्हे भरतील एवढी नुसती हिरवळ! तिथे आसनाच्या यंत्राला बाजारपेठ मिळाली, यात नवल नाही.

नगरच्या गवताची गोष्ट

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. इथल्या जुन्या बागांत हिरवळ नव्हती. निजामशाहीतला हश्त बिहिश्त बाग सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. फराहबाग महाल १५८३ मध्ये पूर्ण झाला. दोन्ही ठिकाणी मध्यभागी पाण्याचे तळे आणि त्यात अष्टकोनी इमारत. उगमापासून नळांनी आणलेले पाणी, त्याचा गारवा आणि झाडांची सावली हेच त्या बागांचे वैभव होते. पर्जन्यछायेतल्या मुलखात पाणी कुठे खर्च करावे, याचा तो एक जाणता हिशेब होता. हिरवळ आली ती इंग्रजी छावणीबरोबर. आर्थर वेलस्लीने ऑगस्ट १८०३ मध्ये नगरचा किल्ला घेतला. पुढे भिंगारला छावणी वसली आणि क्लब, बंगले व खेळाची मैदाने यांच्याबरोबर हिरवळीचा शौकही आला.

पण लष्कराला गवत लागत होते ते मुख्यतः घोड्यांसाठी. मराठ्यांच्या राज्यातही घोड्यांसाठी कुरणे राखून ठेवलेली असत. इंग्रजांच्या हिंदी घोडदळातील शिलेदारी पलटणींत साधारणतः दर दोन स्वारांमागे एक घसियारा आणि एक तट्टू असे. घसियारा रोज खुरप्याने गवत काढून तट्टावर लादून आणी. म्हणजे घोडदळाची धाव शेवटी घसियाऱ्याच्या खुरप्यावर अवलंबून होती. १९४८ पासून नगर हे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. घोड्याची जागा रणगाड्याने घेतली, गवताची डिझेलने. घसियारा इतिहासजमा झाला, त्याचे नाव मात्र कुठे लिहिलेले सापडत नाही.

नगरच्या मातीशी हाताने झुंजणाऱ्या एका बंदिवानाची आठवण इथे द्यायला हवी. १९४२ ते १९४५ या काळात जवाहरलाल नेहरू नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथे त्यांनी फुलांचे वाफे तयार केले. जमीन दगडधोंड्यांची आणि जुन्या बांधकामांच्या ढिगाऱ्याने भरलेली होती, असे त्यांनी तिथेच लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या आरंभी नोंदवले आहे.

चारायचे की कापायचे?

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडी भागात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण उरलेल्या बहुतेक जिल्ह्याला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागवावे लागते, आणि तोही दरवर्षी पडेलच असे नाही. अशा मुलखात गावाच्या सामाईक डोंगरावर जनावरे मोकळी सोडली, की गवत बी धरण्यापूर्वीच संपते. मारवेल, पवना यांसारखी चवदार गवते आधी नाहीशी होतात आणि कुसळी उरते. उघडी पडलेली माती पावसाबरोबर वाहून जाते, पाणी मुरत नाही, विहिरी आटतात.

इथे नगर जिल्ह्यातील काही गावांनी एक निर्णय घेतला. तो यंत्राविषयी नव्हता, पण या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने आणि हिवरे बाजारात १९९० च्या दशकात पोपटराव पवार सरपंच असताना कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी आली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीतही १९९६ पासून पाणलोट विकासाच्या कामाबरोबर ती लागू झाली. नियम साधा : जनावर गवताकडे जाणार नाही, गवत कापून जनावराकडे आणायचे. चरणारे तोंड गवत पाहिजे तेव्हा आणि पाहिजे तितके खाली खाते, पायाखाली रोपेही तुडवते. विळा मात्र माणसाच्या हातात असतो. केव्हा कापायचे, किती उंचीवर कापायचे, बियांसाठी कोणता भाग राखायचा हे ठरवता येते.

हिवरे बाजारविषयी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार गावातील गवताचे उत्पादन २००० साली १०० टन होते, ते २००४ मध्ये ६००० टनांवर गेले. १९९० च्या दशकाच्या मध्याला गावात रोज दीडशे लिटरच्या आसपास दूध निघे, ते पुढे काही हजार लिटरवर पोहोचले. याचे सारे श्रेय एकट्या चराईबंदीला देता येणार नाही. सलग समतल चर, बंधारे आणि पाण्याची उधळपट्टी करणाऱ्या पिकांवरचे निर्बंध यांचाही त्यात वाटा आहे. पण चर खोदूनही जनावरे मोकळीच राहिली असती, तर गवत उभे राहिले नसते.

मात्र प्रत्येक निवडीची किंमत कोणीतरी मोजत असते. गोठ्यातल्या गाई-म्हशींना कापलेला चारा चालतो. मेंढ्यांचे सारे जीवन चालत-चरत जाण्यावर आहे. गोठा आणि जमीन असणाऱ्याला चराईबंदी लवकर फळते, भूमिहीन शेळीवाल्याला आणि फिरत्या मेंढपाळाला ती आधी टोचते. शिवाय जनावर स्वतः चरायचे, ते काम आता माणसाच्या हाताला आले. तो हात बहुतेक घरांत बाईचा असतो. वाकून कापायचे, भारा बांधायचा, डोक्यावरून आणायचा आणि मग कुट्टी करायची! कडबा-कुट्टीचे यंत्र विजेच्या मोटरवर आल्याने शेवटचे काम हलके झाले. पण कापण्याचे ओझे पुष्कळ ठिकाणी अजून विळ्यावरच आहे. जिल्ह्यात खरी गरज असलेले गवताचे यंत्र कोणते, असे कोणी विचारले, तर उतारावर, दगडांत, ठोंबाठोंबाच्या गवतात चालेल आणि काडी अखंड ठेवील असे हलके, स्वस्त यंत्र, हेच उत्तर द्यावे लागेल. खांद्यावरच्या यंत्रांनी काम जलद होते. पण त्यांच्या आवाजाची पातळी कानाजवळ शंभर डेसिबेलच्या आसपास जाते, हात बधिर होतात आणि चाऱ्याचा काही भाग चुरा होतो. आरामाच्या आसनासाठी जगात जेवढी बुद्धी खर्ची पडली, तिचा लहानसा वाटा तरी या यंत्राच्या वाट्याला यायला हवा.

आता अंगणाचा हिशेब

इतके पाहिल्यावर घराभोवतीच्या जागेसाठी निवड अवघड राहत नाही. पहिला हिशेब क्षेत्राचा. यंत्राची रुंदी गुणिले वेग म्हणजे तासाचे काम. त्यातून वळणे आणि एकमेकांवर येणारे पट्टे यांसाठी तीस टक्के वजा करावेत. ढकलायचे यंत्र अर्धा मीटर रुंद आणि वेग ताशी तीन किलोमीटर धरला, तर तासाला सुमारे एक हजार चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे होतात. बसायचे यंत्र एक मीटर रुंद आणि वेग ताशी सहा किलोमीटर धरला, तर ४२०० चौरस मीटर, म्हणजे एकराहून थोडे अधिक. पाच गुंठ्यांच्या जागेत घर, झाडे आणि वाट सोडून तीन गुंठे हिरवळ उरली, तर ढकलायच्या यंत्राला अठरा मिनिटे लागतात. एवढ्यासाठी आसन कशाला? सलग एक-दोन एकरांहून मोठी, सपाट, झाडे कमी असलेली आणि वर्षभर पाणी मिळणारी हिरवळ असेल, जसे एखादे मोठे क्रीडांगण, तरच बसायच्या यंत्राचा विचार करावा. तिथेही उतार पंधरा अंशांहून जास्त नको. अशा यंत्राने उतार आडवा कापण्याऐवजी चढत-उतरत कापावा. आडवे चालवल्यास गुरुत्वमध्य आधाराबाहेर जाऊन ते उलटू शकते.

दुसरा हिशेब पाण्याचा. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर; त्यावर पाच मिलिमीटर म्हणजे रोज ५०० लिटर. तीन गुंठ्यांना दीड हजार लिटर. एका दुभत्या गाईला रोज साठ-ऐंशी लिटर पिण्याचे पाणी लागते असे धरले, तर ते वीस गाईंचे पाणी झाले. २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांत जनावरे दावणीला बांधण्याची वेळ ज्या जिल्ह्यावर आली, तिथे हा आकडा नजरेआड करता येत नाही.

तिसरा हिशेब गवताच्या उपयोगाचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले जयवंत’सारखे बाजरी-नेपियर संकरित गवताचे वाण दिले आहेत. पाण्याची सोय असताना अशा गवताचे वर्षाला हेक्टरी दोनशे टन उत्पन्न धरले, तर पाच गुंठ्यांत दहा टन, म्हणजे रोज सत्तावीस किलो हिरवा चारा मिळतो. एका गाईची हिरव्या चाऱ्याची गरज त्यात जवळजवळ भागते. त्यासाठी दातेरी विळा आणि कुट्टी यंत्र पुरे.

अनेक शाळांच्या मैदानावर गवत असते ते आषाढ ते कार्तिक, चार-पाच महिने. त्यासाठी यंत्र विकत घेऊन आठ महिने गंजत ठेवण्यापेक्षा दोन-चार शाळांनी मिळून घ्यावे किंवा भाड्याने आणावे. त्याहून चांगले म्हणजे गवत कुसळे धरण्यापूर्वी गावातल्या एखाद्या गोपालकाला कापून न्यायला सांगावे. मैदान साफ होईल आणि चाराही वाया जाणार नाही.

कापण्यापूर्वी मुलांकडून दोन लहान प्रयोग करून घेता येतील. मैदानाच्या एका कोपऱ्यात एक-एक चौरस मीटरचे तीन चौकोन आखावेत. एकातले गवत अगदी जमिनीलगत, दुसऱ्यातले दहा सेंटिमीटर उंचीवर कापावे आणि तिसरे तसेच ठेवावे. दर आठवड्याला उंची मोजून नोंद ठेवली, की गवत कुठून वाढते हे मुलांना कळेल. दुसरा प्रयोग वजनाचा : एका चौकोनातले गवत विळ्याने कापून तोलावे, वाळल्यावर पुन्हा तोलावे आणि त्यावरून साऱ्या मैदानाचा चारा किती होईल, त्यात एक गाय किती दिवस जगेल, याचा हिशेब करावा. ज्याला आपण तण म्हणून काढून टाकतो, ते कोणाचे तरी अन्न आहे, हे त्या हिशेबातून आपोआप उमगेल.